कालस्पंद-वेगवर्धन, संगणक-प्रक्रियकाचे

कालस्पंद-वेगवर्धन, संगणक-प्रक्रियकाचे : संगणकाचा प्रक्रियक निर्मात्याने ठरवून दिलेल्या कंप्रतेपेक्षा (दर सेकंदास होणाऱ्या स्पंदांच्या संख्येपेक्षा) अधिक कंप्रतेवर चालविण्याच्या क्रियेस कालस्पंद-वेगवर्धन म्हणतात. व्यवहारात ‘ओव्हरक्लॉकिंग’ हीच संज्ञा रूढ आहे. नवा प्रक्रियक विकत न घेता आहे त्याच प्रक्रियकाकडून अधिक काम करून घेणे, हा या क्रियेचा मूळ हेतू होय. पुढे त्याला छंदाचे व स्पर्धेचेही स्वरूप आले. वेग वाढविणे ही आज्ञावलीतील एक संख्या बदलण्याइतकी सोपी क्रिया आहे. वाढविलेल्या वेगावर प्रक्रियक अचूक गणित करीत आहे, याची खात्री करून घेणे मात्र अवघड असते. प्रथमच हा प्रयोग करणाऱ्याचे लक्ष बहुधा पहिल्या गोष्टीकडे असते व त्याचे नुकसान बहुधा दुसऱ्या गोष्टीमुळे होते.

तत्त्व : प्रक्रियकातील मंडले एका समान तालावर काम करतात. हा ताल क्वॉर्ट्झ स्फटिकाच्या आंदोलनांपासून मिळविलेल्या विद्युत् स्पंदांनी राखला जातो. एका स्पंदाबरोबर साठवण-मंडलातून निघालेला संकेत तर्कद्वारांच्या साखळीतून जातो आणि पुढचा स्पंद येण्याच्या किंचित आधी तो पुढील साठवण-मंडलाच्या दाराशी पोहोचून स्थिर व्हावा लागतो. प्रक्रियकात असे असंख्य मार्ग असतात. त्यांपैकी ज्या मार्गाला सर्वांत जास्त वेळ लागतो त्यास क्रांतिक मार्ग म्हणतात आणि संपूर्ण प्रक्रियकाची कमाल कंप्रता या एका मार्गाने ठरते. कंप्रता ३·३ गिगॅहर्ट्झ असताना दोन स्पंदांमधील काल सुमारे ३०३ पिकोसेकंद (१ पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लक्ष-कोट्यंश) असतो. ४·५ गिगॅहर्ट्झला तो सुमारे २२२ पिकोसेकंद उरतो. एवढ्या अवधीत प्रकाशदेखील निर्वातात सात सेंमी. अंतर पुरे कापत नाही.

संकेत वेळेवर पोहोचला नाही तर काय होते, हे येथे नीट लक्षात घेणे आवश्यक आहे. साठवण-मंडल उशिरा येणाऱ्या संकेताची वाट पाहत नाही. स्पंद येताच दाराशी जी स्थिती असेल ती, म्हणजे कदाचित जुनीच, ते टिपून घेते. शून्याच्या जागी एक किंवा एकाच्या जागी शून्य नोंदला जातो आणि गणित पुढे चालू राहते. चुकलेला अंक एखाद्या पत्त्याचा भाग असेल, तर प्रक्रियक स्मृतीतील भलत्याच जागी जातो व संगणक तत्काळ थांबतो. तो एखाद्या हिशेबातील अंक असेल, तर काहीच थांबत नाही. फक्त उत्तर चुकते.

क्रांतिक मार्गाचा काल कमी करण्याचा सहज उपलब्ध उपाय म्हणजे प्रक्रियकाला पुरविलेला विद्युत् दाब वाढविणे. दाब अधिक असला की ट्रँझिस्टरांतून अधिक प्रवाह वाहतो, पुढील द्वारांची धारकता लवकर भारित होते व संकेत त्वरेने सरकतो. परंतु या उपायाची किंमत मोठी असते. मंडलांच्या उघडझापीत खर्च होणारी शक्ती कंप्रतेच्या सम प्रमाणात आणि विद्युत् दाबाच्या वर्गाच्या सम प्रमाणात वाढते. उदा., कंप्रता ३·३ वरून ४·५ गिगॅहर्ट्झवर नेली आणि त्यासाठी दाब १·२० वरून १·३५ व्होल्ट करावा लागला, तर कंप्रतेमुळे शक्ती १·३६ पट व दाबामुळे १·२७ पट, म्हणजे एकूण सु. १·७३ पट होते. कंप्रतेतील ३६ टक्के वाढीसाठी उष्णता ७३ टक्के वाढली, असा याचा अर्थ होतो. यात गळती-प्रवाहामुळे होणारा खर्च धरलेला नाही. तोही दाब व तापमान यांबरोबर वाढतो. तापमान वाढले की गळती वाढते, गळती वाढली की तापमान वाढते आणि नेहमीच्या दाबावर तापमानवाढीने मंडलेही मंद होतात. म्हणून शीतन ही या विषयातील दुय्यम बाब नसून कंप्रतेइतकीच मुख्य बाब आहे.

वेगवर्धनास वाव का असतो : निर्मात्याने ठरविलेली कंप्रता ही प्रक्रियकाची अंतिम मर्यादा नसते. एकाच सिलिकॉन चकतीवर तयार झालेले प्रक्रियक गुणधर्मांनी तंतोतंत सारखे नसतात. काही कमी दाबावर वेगाने चालतात, तर काहींना तेवढ्याच वेगासाठी जास्त दाब लागतो. कारखान्यात प्रत्येकाची चाचणी घेऊन त्यांची प्रतवारी लावतात. प्रत ठरविताना ग्राहकाची खोली तापलेली असेल, वीजपुरवठा-एकक हलक्या प्रतीचे असेल, पंख्यावर धूळ बसलेली असेल आणि प्रक्रियक अनेक वर्षे वापरला जाईल, हे सर्व गृहीत धरून पुरेसे अंतर राखलेले असते. शिवाय प्रतवारीवर बाजारातील मागणीचाही परिणाम होतो. स्वस्त प्रक्रियकांना अधिक मागणी असली, तर वरच्या प्रतीला पात्र ठरलेले प्रक्रियकही खालच्या प्रतीच्या छापाने विकले जातात. वेगवर्धन करणारा हे राखून ठेवलेले अंतर वापरतो. हे अंतर फुकटचे नसून कशाच्या तरी विम्यासाठी ठेवलेले असते, याची जाणीव त्याने ठेवावयास हवी.

इतिहास : आयबीएम कंपनीने १९८४ मध्ये बाजारात आणलेल्या पीसी/एटी या संगणकात १२ मेगॅहर्ट्झचा स्फटिक असे. त्याची कंप्रता निम्मी करून ८०२८६ हा प्रक्रियक ६ मेगॅहर्ट्झवर चालविला जाई. स्फटिक खोबणीत बसविलेला असल्याने अनेकांनी तो काढून तेथे १६ मेगॅहर्ट्झचा स्फटिक बसविला व प्रक्रियक ८ मेगॅहर्ट्झवर चालविला. कंपनीने नंतर संगणक सुरू करणाऱ्या मूलभूत आज्ञावलीत (बायोसमध्ये) वेगाची तपासणी घातली. स्फटिक बदललेला आढळल्यास यंत्र सुरू होण्यास नकार देई. पुढे १९८६ मध्ये याच संगणकाची ८ मेगॅहर्ट्झची आवृत्ती कंपनीने स्वतःच विक्रीस काढली.

प्रारंभी प्रक्रियक व बाहेरील वाहिनी एकाच तालावर चालत. १९९२ मध्ये आलेल्या ८०४८६डीएक्स२ या प्रक्रियकात बाहेरील ताल आत दुप्पट करण्याची सोय झाली. तेव्हापासून प्रक्रियकाची कंप्रता म्हणजे बाहेरील पायाभूत कंप्रता व अंतर्गत गुणक यांचा गुणाकार, हे सूत्र रूढ झाले आणि वेग वाढविण्याचे दोन मार्ग निर्माण झाले. नव्वदीच्या दशकात काही अप्रामाणिक व्यापारी कमी वेगाच्या प्रक्रियकांवर वरच्या वेगाचा छाप मारून ते विकीत. या फसवणुकीस आळा घालण्याचे एक साधन म्हणून निर्मात्यांनी गुणक कायमचा बांधून टाकण्यास सुरुवात केली. त्यामुळे हौशी लोकांच्या हाती केवळ पायाभूत कंप्रतेचा मार्ग उरला.

या मार्गाचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे इंटेल कंपनीचा १९९८ च्या ऑगस्टमधील सेलेरॉन ३००ए हा प्रक्रियक होय. त्याचा गुणक ४·५ व पायाभूत कंप्रता ६६ मेगॅहर्ट्झ असून गुणाकार ३०० मेगॅहर्ट्झ होई. पायाभूत कंप्रता १०० मेगॅहर्ट्झ केल्यास तोच प्रक्रियक ४५० मेगॅहर्ट्झवर, म्हणजे कंपनीच्या त्या वेळच्या कितीतरी महाग पेंटियम २ प्रक्रियकाच्या वेगावर चाले. यातील बरेचसे प्रक्रियक हा वेग सहज सहन करीत. दाब वाढविण्याचीही अनेकदा गरज पडत नसे. ज्या मदरबोर्डवर ही कंप्रता निवडण्याची सोय नव्हती, त्यावर प्रक्रियकाच्या जोडपट्टीवरील बी२१ हा एक संपर्कबिंदू चिकटपट्टीने झाकून काम भागवीत. त्याचे कॅश स्मृतीचे १२८ किलोबाइट प्रक्रियकाच्याच चकतीवर असून ते पूर्ण वेगाने चालत. हे त्याच्या यशाचे महत्त्वाचे कारण होते.

याच उदाहरणातून एक कमी लक्षात घेतली जाणारी गोष्टही स्पष्ट होते. ६६ वरून एकदम १०० मेगॅहर्ट्झवर जाणे हे मधल्या ७५ किंवा ८३ वर थांबण्यापेक्षा पुष्कळदा अधिक सुरक्षित असे. पीसीआय ही जोडवाहिनी ३३ मेगॅहर्ट्झसाठी बनविलेली होती. पायाभूत कंप्रता ६६ असताना तिला दोनाने व १०० असताना तिनाने भागून हीच संख्या मिळे. ८३ मेगॅहर्ट्झला मात्र दोनानेच भागले जाऊन वाहिनीचा वेग ४१ च्या वर जाई आणि त्या वाहिनीवरील चकती-नियंत्रक चुका करू लागत. प्रक्रियक ठणठणीत असूनही चकतीवरील माहिती नासल्याचे प्रकार त्या काळी घडत, ते यामुळे. वेगवर्धनात आपण जो भाग वेगाने चालवू इच्छितो, त्याच्याशी बांधलेले दुसरे भागही नकळत ओढले जातात.

एएमडी कंपनीच्या २००० सालच्या ड्यूरॉन व ॲथलॉन प्रक्रियकांच्या पृष्ठभागावर गुणक ठरविणारे सूक्ष्म जोड उघडेच असत व ते कारखान्यात तोडलेले असत. साध्या शिसपेन्सिलीतील ग्रॅफाइट विद्युत् संवाहक असल्याने तिने रेघा ओढून ते जोडता येत व गुणक मोकळा होई. एवढ्या गुंतागुंतीच्या वस्तूचे कुलूप शाळकरी मुलाच्या कंपासपेटीतील वस्तूने उघडावे, याचे त्या वेळी मोठे कौतुक झाले.

त्याच वर्षी निर्मात्यालाही हे अंतर संपल्याचा अनुभव आला. इंटेलने ३१ जुलै २००० रोजी जाहीर केलेला १·१३ गिगॅहर्ट्झचा पेंटियम ३ प्रक्रियक काही परीक्षकांच्या हाती स्थिरपणे चालेना. लिनक्सच्या गाभ्याचे संकलन करण्यासारख्या दीर्घ कामात तो चुकत असे. नेहमीच्या चाचण्या मात्र तो पार पाडी. ऑगस्ट संपण्यापूर्वीच कंपनीने तो बाजारातून परत घेतला. स्पर्धेच्या दडपणाखाली झालेले हे एक प्रकारचे अधिकृत वेगवर्धनच होते. ते उघडकीस आणणारे काम सामान्य व कंटाळवाणे होते, ही गोष्ट चाचणीच्या दृष्टीने बोधप्रद आहे.

ट्रँझिस्टर लहान करीत जाताना दाबही त्याच प्रमाणात कमी करता येतो, हा रॉबर्ट डेनार्ड व त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये मांडलेला नियम २००५ च्या सुमारास लागू पडेनासा झाला. गळती-प्रवाहामुळे दाब आणखी उतरविता येईना. त्यामुळे दर पिढीगणिक कंप्रता झपाट्याने वाढण्याचे दिवस संपले आणि निर्माते एका प्रक्रियकात अनेक गाभे बसवू लागले. वेग ही जेव्हा दुर्मिळ वस्तू झाली, तेव्हा तिचा व्यापारही सुरू झाला : गुणक मोकळा ठेवलेले प्रक्रियक स्वतंत्र नावाने व थोड्या अधिक किंमतीला विकले जाऊ लागले.

पहिला प्रयोग : असा पहिला प्रयोग कसा केला जातो, हे इंटेलच्या जानेवारी २०११ मधील कोअर आय५–२५००के या चार गाभ्यांच्या प्रक्रियकाच्या आधारे पाहणे सोयीचे आहे. असंख्य लोकांनी आपला पहिला प्रयोग याच प्रक्रियकावर केला आणि त्याचे वर्तन चांगले परिचित आहे. त्याची पायाभूत कंप्रता १०० मेगॅहर्ट्झ, मूळ गुणक ३३ असून भार कमी गाभ्यांवर असताना तो आपण होऊन ३·७ गिगॅहर्ट्झपर्यंत जातो. या पिढीत पायाभूत कंप्रता इतर वाहिन्यांच्या तालाशी बांधलेली असल्याने ती काही टक्क्यांपलीकडे वाढविता येत नाही. वेग वाढवावयाचा तो गुणकानेच. नावातील शेवटचे ‘के’ हे अक्षर गुणक मोकळा असल्याची खूण होय. ते नसलेल्या आय५–२५०० या प्रक्रियकाला अशी मोकळीक नाही. मदरबोर्डवरील मंडलसंचही पी६७ किंवा झेड६८ यांसारखा, गुणक बदलू देणारा, असावा लागतो. केवळ प्रक्रियक पाहून खरेदी करणाऱ्यांची एच६७ संचाच्या मदरबोर्डने निराशा केली आहे.

सुरुवात वेग वाढविण्याने न करता मोजमापाने करावयाची असते. संगणकातील जपण्यासारख्या सर्व माहितीची प्रत दुसऱ्या चकतीवर काढून ती चकती संगणकापासून वेगळी करतात. नंतर कोणताही बदल न करता मूळ वेगावर प्रक्रियकाला तासभर पूर्ण भार देऊन प्रत्येक गाभ्याचे तापमान व प्रत्यक्ष विद्युत् दाब टिपून ठेवतात. मूळ वेगावरच तापमान जास्त आढळल्यास प्रयोग तेथेच थांबवून शीतन सुधारणे योग्य होय. उष्णतावाहक लेप सुकलेला असणे, शीतकाचा एक आकडा नीट न बसणे, पेटीतील हवा कोंडणे ही त्याची नेहमीची कारणे असतात. प्रक्रियकासोबत मिळणारा लहान शीतक मूळ वेगापुरता असतो. वेगवर्धनासाठी उष्णतानलिका व मोठा पंखा असलेला किंवा द्रवाचे अभिसरण करणारा शीतक वापरतात.

गाभ्याचे तापमान खोलीच्या तापमानावर अवलंबून असते व जवळजवळ अंशाला अंश या हिशेबाने वाढते. पुण्यात जानेवारीच्या रात्री २० अंश से. तापमानाच्या खोलीत पूर्ण भाराखाली ७० अंश दाखविणारा प्रक्रियक नागपुरास मे महिन्यातील दुपारी, खोली ४० अंशांवर असताना, ९० अंशांच्या आसपास जाईल. समशीतोष्ण देशांतील लोकांनी सांगितलेले आकडे जसेच्या तसे उतरवून घेणे आपल्याकडे म्हणूनच धोक्याचे ठरते. हिवाळ्यात स्थिर वाटलेली मांडणी उन्हाळ्यात अस्थिर का झाली, याचे उत्तरही पुष्कळदा एवढेच असते.

यानंतर बायोसमध्ये गुणक एक-दोन अंकांनी वाढवितात, संगणक सुरू करतात, दहा-पंधरा मिनिटे कसोटी घेतात व आकडे टिपतात. एका वेळी एकच गोष्ट बदलणे हा येथील मुख्य नियम आहे. गुणक, दाब व स्मृतीचा वेग हे एकदमच बदलले आणि यंत्र अडले, तर दोष कोणाचा हे कळण्यास मार्ग राहत नाही. रॅमच्या वेगाचा प्रयोग पूर्णपणे वेगळा ठेवावा. प्रक्रियकाचा प्रयोग चालू असेपर्यंत रॅम तिच्या ठरलेल्या वेगावरच असावी. मदरबोर्डवरील ‘आपोआप’ ही दाबाची निवड नवशिक्याला सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात वेग वाढविताच अनेक मदरबोर्ड गरजेपेक्षा बराच अधिक दाब देतात. म्हणून दाब ठरावीक आकड्यावर बांधून ठेवणे व भार असतानाचा प्रत्यक्ष आकडा पाहत राहणे हितावह असते.

गुणक वाढवीत गेल्यावर एका टप्प्यावर संगणक अडतो किंवा कसोटी चूक दाखविते. तेथे दाब ०·०१ ते ०·०२ व्होल्टने वाढवून पुन्हा पाहतात. येथून पुढे प्रत्येक वाढीला लागणारा दाब आधीच्या वाढीपेक्षा जास्त असतो, हे नोंदवहीतील आकड्यांवरून सहज दिसते. उदा., ४·२ पर्यंत दाब न वाढविता गेलेला प्रक्रियक ४·५ साठी थोडा दाब मागतो आणि ४·८ साठी पुष्कळ. आकड्यांचा चढ जेथे एकदम उभा होतो, तेथे थांबण्यात शहाणपण असते. या प्रक्रियकाच्या बाबतीत ४·५ गिगॅहर्ट्झच्या आसपास चांगल्या शीतकासह बहुतेकांना थांबता आले. चांगला नमुना हाती आलेले पुढे गेले, काहींना ४·३ वरच समाधान मानावे लागले. आपला नमुना कोणता हे आधी समजण्याचा उपाय नाही. दुसऱ्याच्या यंत्रावरील आकडा हे आपले लक्ष्य मानून दाब चढवीत राहणे ही नवशिक्याच्या हातून होणारी नेहमीची चूक होय.

संगणक मुळीच सुरू न होणे ही गोष्ट दिसावयास भयावह असली, तरी सामान्यतः निरुपद्रवी असते. मदरबोर्डवरील ठरावीक दोन टाचण्या क्षणभर जोडल्या किंवा लहान बटणाएवढी विद्युत् घटमाला काही मिनिटे काढून ठेवली, की बायोसमधील सर्व आकडे मूळ स्थितीला येतात. त्यापूर्वी वीजपुरवठा पूर्ण तोडलेला असावा.

कसोटी व मूक चुका : स्थिरतेच्या कसोटीसाठी प्राइम९५ ही आज्ञावली फार वापरली जाते. ती मुळात मेर्सेन अविभाज्य संख्यांच्या शोधासाठी १९९६ मध्ये सुरू झालेल्या सामुदायिक प्रकल्पातून आली. अशा शोधात आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या गणितात एक अंक चुकला तरी सारे श्रम वाया जात असल्याने, यंत्र विश्वासार्ह आहे की नाही हे पाहणारी छळ-कसोटी तीत घातली गेली. कसोटीत उत्तर आधीच माहीत असलेली गणिते प्रक्रियकाकडून पुन्हापुन्हा करवून घेतात व उत्तरे ताडून पाहतात. यंत्र चालू राहिले की नाही, एवढेच न पाहता उत्तर बरोबर आले की नाही, हे ती पाहते. केवळ खेळ किंवा चित्रपट न अडता चालला म्हणून प्रक्रियक स्थिर आहे, असे म्हणता येत नाही. चित्रातील एका ठिपक्याचा रंग क्षणभर चुकला तर तो कोणाच्या लक्षात येणार?

मात्र एक कसोटी उत्तीर्ण होणे म्हणजे सर्व मार्ग तपासले जाणे नव्हे. प्रत्येक आज्ञावली प्रक्रियकातील ठरावीक मार्गांवरच ताण देते. रुंद संख्यासंचांवर एकदम क्रिया करणाऱ्या एव्हीएक्स आज्ञा २०११ च्या याच पिढीत प्रथम आल्या. त्या वापरणाऱ्या कसोटीत तापमान व प्रवाह इतर कसोट्यांपेक्षा लक्षणीय वाढतात आणि आधी स्थिर वाटलेली मांडणी कोलमडते. याउलट काही चुका पूर्ण भाराखाली न होता भार एकाएकी उतरताना किंवा चढताना होतात, कारण त्या क्षणी विद्युत् दाब हेलकावे खातो. म्हणून निरनिराळ्या स्वरूपाच्या कसोट्या काही तास घेणे, त्यानंतर गुणक एकाने उतरविणे आणि काही दिवस महत्त्वाचे काम त्या यंत्रावर न करणे, ही पद्धत अनुभवी लोक पाळतात. प्रक्रियक आपल्या कॅश स्मृतीतील काही चुका स्वतः ओळखतो, दुरुस्त करतो व त्यांची नोंद कार्यकारी प्रणालीकडे पाठवितो. या नोंदी पाहण्याची सवय लावून घ्यावी. दुरुस्त झालेली चूक हीदेखील अंतर संपत आल्याची सूचना असते. गणित करणाऱ्या मंडलांवर मात्र सामान्य संगणकात असा पहारा बहुधा नसतो.

मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या संशोधकांनी सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या बिघाड-नोंदींचा अभ्यास करून २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वेग वाढविलेल्या संगणकांत प्रक्रियकाशी निगडित बिघाडांचे प्रमाण मूळ वेगावरील संगणकांपेक्षा अनेक पटींनी अधिक होते आणि एकदा असा बिघाड झालेल्या यंत्रात तो पुन्हा होण्याची शक्यता फार वाढत असे. हे बिघाड कोसळून थांबलेल्या यंत्रांचे होते. न थांबता चुकलेल्या गणितांची मोजदाद अशा अभ्यासात होऊ शकत नाही. छायाचित्रांचा संग्रह दाबून साठविताना, चकतीवरील अनुक्रमणिका लिहिताना किंवा हिशेबाच्या तक्त्यात बेरीज करताना झालेली चूक कित्येक महिन्यांनी उघडकीस येते. तोवर चांगल्या प्रतीवर नासलेली प्रत लिहिली गेलेली असते. ज्या संगणकावर प्रबंधाची आधारसामग्री, रुग्णांच्या नोंदी किंवा दुकानाचे हिशेब आहेत, तो या प्रयोगासाठी वापरू नये, हे मत याच कारणाने दिले जाते.

आयुर्मान : अधिक तापमान व प्रवाह यांमुळे प्रक्रियकाची झीज होते. सूक्ष्म धातुवाहकांतून वाहणारे इलेक्ट्रॉन धातूच्या अणूंना हळूहळू आपल्या दिशेने रेटतात. कोठे पोकळी निर्माण होते, तर कोठे धातू साचतो. या क्रियेस विद्युत् स्थलांतरण म्हणतात. तीमुळे होणाऱ्या बिघाडाचा काल प्रवाहघनता व निरपेक्ष तापमान यांवर कसा अवलंबून असतो, याचे सूत्र जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये मांडले. तापमानाशी असलेला संबंध घातांकी असल्याने थोड्या अंशांचाही परिणाम मोठा होतो. याशिवाय जास्त दाबामुळे ट्रँझिस्टरांतील निरोधक थर दुबळा होतो व त्यांचा उंबरठा-दाब सरकतो. झिजलेला प्रक्रियक एकदम मरतोच असे नाही. पूर्वी १·३० व्होल्टवर स्थिर असलेल्या वेगासाठी वर्षभराने १·३३ व्होल्ट लागू लागतात. अशा वेळी दाब वाढविल्यास झीज आणखी त्वरेने होते; गुणक उतरविणे हाच उपाय असतो. तापमान शंभर अंशांच्या जवळ गेल्यास प्रक्रियक स्वतःच वेग कमी करून घेतो, हे खरे आहे. तथापि हे संरक्षण उष्णतेपासून आहे, जास्त दाबापासून नाही.

अलीकडील स्थिती : २००८ पासून इंटेलच्या आणि पुढे एएमडीच्या प्रक्रियकांनी तापमान व शक्ती यांची मर्यादा पाहून आपला वेग आपणच वाढविण्याची पद्धत स्वीकारली. त्यामुळे कारखान्यात राखून ठेवलेले अंतर कमी होत गेले आणि हाताने मिळविण्याजोगा लाभ काही टक्क्यांवर आला. एएमडीने २०२० च्या रायझन ५००० मालिकेपासून प्रत्येक गाभ्याचा दाब-कंप्रता आलेख खाली सरकविण्याची सोय दिली. दाब थोडा उतरविला की उष्णता घटते व वाचलेल्या शक्तीत प्रक्रियक स्वतःच वर चढतो. पहिल्या प्रयोगासाठी हा मार्ग तुलनेने सौम्य आहे. त्यातही कसोटीची आवश्यकता तीच राहते.

अंतर किती कमी झाले आहे याचे प्रत्यंतर २०२४ मध्ये आले. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही शक्तिशाली प्रक्रियक कोणताही वेगवर्धनाचा प्रयोग न करताही अस्थिर होऊ लागले. प्रक्रियक स्वतःच गरजेपेक्षा अधिक दाब मागत असल्याने त्यातील मंडले अकाली झिजत होती, असे कंपनीने मान्य केले. तिने सूक्ष्म-आज्ञावलीत दुरुस्ती दिली व हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. आधीच झिजलेल्या प्रक्रियकांना दुरुस्तीचा उपयोग नव्हता. ते बदलूनच द्यावे लागले.

स्पर्धेतील वेगवर्धन ही याहून वेगळी गोष्ट आहे. तीत द्रवरूप नायट्रोजन (−१९६° से.) किंवा द्रवरूप हीलियम (−२६९° से.) यांनी प्रक्रियक गोठवून काही क्षणांपुरती कमाल कंप्रता नोंदवितात. एएमडीच्या एफएक्स–८१५० या प्रक्रियकाने २०११ मध्ये ८·४२९ गिगॅहर्ट्झ गाठले. २०२२ मध्ये इंटेलच्या आय९–१३९००के या प्रक्रियकाने ९ गिगॅहर्ट्झची मर्यादा ओलांडली. अशा वेळी बहुतेक गाभे बंद ठेवलेले असतात आणि यंत्राकडून उपयुक्त कामाची अपेक्षा नसते.

वेगवर्धनाने झालेले नुकसान निर्मात्याच्या हमीत सामान्यतः येत नाही, मग प्रक्रियक याच कामासाठी म्हणून विकलेला का असेना. इंटेलची यासाठीची वेगळी सशुल्क संरक्षण-योजना २०२१ मध्ये बंद झाली. जुना प्रक्रियक विकत घेणाऱ्याला तो पूर्वी कोणत्या दाबावर किती काळ चालविला गेला, हे वरून पाहून कळत नाही. तो मूळ वेगावर काही तास कसोटीस लावून मगच पैसे देणे इष्ट असते.